डावीकडची झेप

रेफ्रीनं पेनल्टीच्या खुणेकडे हात केला आणि मेघना पायरीच्या कडेपर्यंत पुढे सरकली. सामना संपत आलेला, मलकपेठ एका गोलनं पुढे, आणि मलकपेठच्या गोलात उभी तिची पोर तन्वी. हा गोल झाला की बरोबरी, आणि बरोबरी झाली तरी गुणांवर मुलींच्या लीगचा कप कुकटपल्लीचा. आता या कुकटपल्लीचा कोच कोण? तर तन्वीचा बाप, मकरंद!

दसऱ्याला मलकपेठनं मकरंदला काढलं आणि दिवाळीच्या आत कुकटपल्लीनं उचललं. तेव्हापासून दोन्हीकडच्या लोकांना दुसरा विषय नव्हता.

"बरं झालं घालवला," मागच्या पायरीवरून कुणीतरी म्हणालं. "नवा कोच बघ, पोरींना कसं पळवतो."

"पण त्या कुकटपल्लीवाल्यांनी काय बघून घेतला याला? आपलं उष्टं!"

हशा पिकला. समोर त्याची बायको बसली आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मेघनानं मान वळवली नाही. शेजारी बसलेला गल्लीतला गणेश तिच्याकडे झुकून म्हणाला, "वहिनी, बिल्कुल टेन्शन घेऊ नका. काही झालं तरी मकरंद बाप आहे. ही पेनल्टी आपलीच समजा."

पलीकडच्या जाळीशी कुकटपल्लीवालेही तेच ओरडत होते. "कोच साब, आज घर का नक्को सोचो!" एरवी हे दोन्हीकडचे पंडित कशावर एक होतील तर शपथ! पण बाप पोरीकडूनच खेळणार, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

मेघनाला भयंकर राग आला. आणि खरं सांगायचं तर, मनातून तिलाही तेच हवं होतं.

कारण तन्वीचा डावा खांदा. पावसाळ्यात तो निखळला होता. डॉक्टरांनी बसवला, पण पोरीच्या मनात भीती बसली ती बसलीच. पेनल्टीला ती डावीकडे झेप घ्यायचीच नाही. हे घरातल्या तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं, मलकपेठच्या नव्या कोचलाही नाही.

मकरंदनं किक घेणाऱ्या श्रावणीला रेषेजवळ बोलावलं आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलला. एखादंच वाक्य असेल. तन्वी गोलातून बघत होती.

"नका हो सांगू," मेघना पुटपुटली. "आपली पोर आहे ती."

श्रावणी धावत आली. बॉल गेला तन्वीच्या डाव्या हाताला, अगदी खांबालगत. आणि तन्वी तिथे होती! डाव्याच खांद्यावर धाडकन आपटली, पण बॉल पोटाशी धरलेला.

सामना संपल्याची शिट्टी झाली. गणेश पायरीवरच नाचायला लागला. "म्हणलो नव्हतो, वहिनी?"

श्रावणी रडत रडत जो भेटेल त्याला सांगत होती. "सर बोले थे उधर मारो, वो उधर जातीच नहीं! और वो तो पहलेच उधर निकल गई!"

झालं. जाळीपलीकडून पाण्याच्या बाटल्या यायला लागल्या. "चोर है!" "बेटी कू सिखा के भेजा!" कुकटपल्लीचे सेक्रेटरी मकरंदसमोर येऊन उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "कल से नक्को आओ, मास्टर."

"मैंने सच बताया था, साब."

सेक्रेटरींनी पाठ फिरवली.

मेघना खाली उतरली आणि बाकावर मकरंदशेजारी जाऊन बसली. "जाऊ द्या हो ती नोकरी," ती हळूच म्हणाली. "बरं केलंत. शेवटी आपली पोर."

इतका वेळ शिव्या खाताना मकरंदचा चेहरा हलला नव्हता. आता मात्र तो उतरला.

"तुलाही तसंच वाटतं?"

तेवढ्यात तन्वी आली. खांद्यावर बर्फाची पिशवी, दुखण्यानं ओठ पांढरे पडलेले, आणि तरी हसत होती.

"बाबा, डावीकडे मार म्हणालात ना तिला?"

"हो."

"माहीत होतं मला! आई, यांनी श्रावणीला बोलावलं ना, तेव्हाच मी समजले. म्हटलं, बाबा माझ्यासाठी खोटेपणा करणार नाहीत, खांद्याचं सांगणारच. म्हणजे ती डावीकडेच मारणार. डोळे मिटले आणि घातली उडी." तिनं खांद्यावरची पिशवी नीट सरकवली. "बाबा गप्प बसले असते ना, तर कप गेला असता."

जाळीपलीकडचा आरडाओरडा वाढत चालला होता. तन्वी तिकडे वळली. "थांबा, सांगूनच येते त्यांना."

मकरंदनं तिचा धड हात धरला. "नको गं. कुणाला पटणार आहे? तुझ्या आईला नाही पटलं."

मेघनाला तोंड कुठे लपवावं कळेना. मग ती उठली, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि जाळीचं दार उघडून सरळ कुकटपल्लीवाल्यांच्या घोळक्यात शिरली.

"वहिनी, तिकडे कुठे?" गणेश मागून ओरडला.

सगळ्यात मोठ्यानं शिव्या घालणाऱ्या माणसासमोर जाऊन ती उभी राहिली.

"सुनो भाई," मेघना म्हणाली, "मैं बी ऐसाच समझी थी."