दाराचा स्विच

पूर्णा गावातल्या गोदामात परत आलेले मायक्रोवेव्ह चंद्रा तपासायची. चालू ओव्हनचं दार उघडलं की तो बंद पडायला हवा. नाही पडला तर दाराचा स्विच खराब. मीटर लावून बघण्यात वेळ जातो, म्हणून सुपरवायझर दीपेशनं तिला सोपी रीत शिकवली होती. दार उघडून हात आत घालायचा, गरम लागलं की तो ओव्हन बाजूला काढायचा.

दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या हातून तीन खराब ओव्हन गिऱ्हाइकांकडे गेले. दीपेशनं तिला बोलावून घेतलं.

"सर, उजव्या हाताला आता गरम कळतच न्हाय," ती खाली मान घालून म्हणाली.

दीपेशनं तिचा हात उलटसुलट करून पाहिला.

"मग आधी सांगायचंस ना, चंद्रा," तो समजुतीनं म्हणाला. "उद्यापासून डावा घालत जा."