चौथ्या कप्प्यातली डिस्क

कपाटातल्या सहा हिरव्या दिव्यांपैकी चौथा दिवा इतरांपेक्षा किंचित उशिरा लुकलुकत असे. मेंदूला झटका आल्यापासून आप्पांची स्मृती याच कपाटात होती. पाच कप्प्यांत नव्या चिप होत्या आणि चौथ्यात जुनी फिरती डिस्क. सगळे कप्पे मिळून चालत, म्हणून आप्पा त्या डिस्कच्या गतीने बोलत.

"ती काढली की आप्पा घडाघडा बोलतील," तंत्रज्ञ मुजावर आप्पांच्या मुलीला, शर्वाणीला म्हणाले. "पण ताई, तिच्यावरचं चिपवर उतरत नाही. ते जाईल."

त्या डिस्कवर आप्पांच्या आठवणीतली शर्वाणीची आई होती.

"आप्पा, काढायची का?" वर्षभर शर्वाणी हे विचारायची आणि उत्तर यायच्या आत "बरं, नंतर बघू" म्हणून उठायची. आज ती कपाटाशेजारी आप्पांच्या खुर्चीसमोर बसून राहिली. चहावर साय धरली. मुजावर दोनदा खाकरले.

"तुझी आई," आप्पा अखेर म्हणाले, "मला बोलूच द्यायची नाही."

शर्वाणीला हसू फुटलं. हा होकार समजून मुजावरांनी डिस्कला हात घातला.

"थांबा, त्यांचं बोलणं संपलं नाहीये," ती म्हणाली.

बऱ्याच वेळाने आप्पांचे ओठ हलले.

"राहू दे तिला. थांबायची सवय आहे मला."