कऱ्हाडच्या घराची किंमत

"बाई, किंमत जरा चढवूनच लावा," टेपचं टोक भिंतीला धरून श्रीरंग हळूच म्हणाला. वडिलांचं कऱ्हाडचं घर तो ठेवून घेणार होता आणि निम्मे पैसे धाकट्या बहिणीला, मृदुलाला, देणार होता. "ती तोंडाने कधी मागायची नाही."

घराची किंमत ठरवायला आलेल्या वैजयंतीबाई मग स्वयंपाकघर मोजायला गेल्या, तर चहा गाळता गाळता मृदुला कुजबुजली, "किंमत कमीच दाखवा हं. दादाला कर्ज काढायला लागायला नको."

वैजयंतीबाईंनी आजवर भावंडांच्या उलट्याच विनवण्या ऐकल्या होत्या. त्यांनी शेजारची घरं कितीला विकली गेली ते पाहिलं, घराच्या वयाची घट धरली आणि आठवड्याने खरा बाजारभाव दोघांसमोर वाचून दाखवला.

दोघांचेही चेहरे पडले.

"हे किंमत चढवायला सांगत होते आणि या उतरवायला," वैजयंतीबाई हसून म्हणाल्या. "मी कुणाचंच ऐकलं नाही."

"मी जास्तच देणार," श्रीरंग बहिणीला म्हणाला.

"मी घेणारच नाही," मृदुला म्हणाली, आणि दोघांची जुंपली.

निघायला उठलेल्या वैजयंतीबाई पुन्हा खाली बसल्या. असलं भांडण त्यांना शेवटपर्यंत ऐकायचं होतं.