तिसरं तळं

सुखी संसार म्हणजे दोघांनी एका वाटेनं चालणं, यावर तिची श्रद्धा होती. फक्त वाट कायम नवरा ठरवायचा. तिला जवळच्या जुन्या गावातला राजवाडा बघायचा होता आणि तो पाचला बंद व्हायचा.

"चारशे वर्षं उभा आहे, आज कुठं पळून जातोय? आधी जंगलातली तळी उरकू," तो म्हणाला.

"अहो, निदान वाट तरी विचारा कुणाला!"

"इतक्या सोप्या वाटेला काय विचारायचं?"

प्रत्येक तळ्याचा फोटो त्यानं घरच्या ग्रुपवर टाकला. "दादा, तिन्हींत दुसरं सुंदर!" नणंदेनं लिहिलं. तोवर तिच्या पायांचे तुकडे पडले होते आणि राजवाडा बंद झाला होता.



त्या जंगलात तळं एकच होतं.