अर्धी काच

बर्फ जमायला दोन दिवस लागले होते आणि गाडी एकच होती, म्हणून साकिबने पुढच्या काचेच्या मधोमध लाल टेप चिकटवली. डावी बाजू साईची, उजवी जनार्दनकाकांची. कॅनडातल्या ड्रायव्हरची जागा एक.

बाहेर आखातातलं गाला गाव जूनच्या उन्हात भाजून निघत होतं. आत, मासे ठेवायच्या कोल्डरूममध्ये, उणे अठरा. सुरमईच्या खोक्यांना टेकून भंगारातली एक पांढरी गाडी उभी होती. तिला इंजिन नव्हतं. कॅनडात म्हणे आधी इंजिन चालू करून काच आतून तापवतात. तेवढं सोडलं तर बाकी सगळं कॅनडासारखंच आहे, असं एजंट साकिबचं म्हणणं. जाकीटही होतं. ते त्याने स्वतः घातलं होतं. उमेदवारांना भांडी घासायचे गुलाबी हातमोजे मिळाले.

दोघेही एकाच कंपनीत पाण्याचे टँकर चालवायचे. कंपनी खलास झाली. व्हिसा महिनाअखेरपर्यंत. ज्याला कॅनडा नाही, त्याला थेट गुहागर.

"गरम पानी नहीं, काच फटेगा. लोहा नहीं, लकीर आएगा. वायपर नहीं, रबर टूटेगा," साकिबने नियम सांगितले आणि मोबाइल समोर धरला. पडद्यावर कॅनडाचे साहेब हाफपँटमध्ये हिरवळीवर बसून कॉफी पीत होते. "यल्ला, चलो!"

नॉनस्टिकच्या प्लास्टिक उलथन्यांनी दोघे बर्फ खरवडू लागले.

"काका, मिशी काळी करायची राहिली," साई हळूच म्हणाला.

"तू तुझी काच बघ रे."

काकांनी साकिबला वय अडतीस सांगितलं होतं. त्यांची मुलगी तीस वर्षांची होती.

साईचा बर्फ सालपटं निघावीत तसा सुटत गेला. काकांची बोटं आखडली. उलथनं दोनदा पडलं, तिसऱ्यांदा मोडलं. मग ते नखांनी ओरबाडू लागले. तेही जमेना, तेव्हा तोंड जवळ नेऊन वाफ सोडू लागले. वाफ काचेवर बसायची आणि तिचाही बर्फ व्हायचा. काकांची बाजू हळूहळू जाड होत चालली.

"डन!" साई ओरडला.

साहेबांनी मान वाकडी करून पाहिलं आणि काहीतरी बोलले.

"साब पूछता है, ऐसा गाडी चलाएगा? आधा साफ, आधा अंधा?" साकिब म्हणाला. "उधर पुलिस पकडता है. पूरा काच साफ मंगता."

"करता हूँ ना पूरा," साई म्हणाला आणि त्याने उलथनं टेपच्या पलीकडे नेलं.

"हात लावायचा नाय."

"काका, दोन मिनिटांचं काम आहे."

"माझ्या बर्फाला हात लावायचा नाय, सांगून ठेवतो!"

"अहो, अशाने दोघंही घरी जाऊ!"

"जाऊ की! एकाच विमानाने जाऊ. तुला इथे आणला कोणी रे? विमानात पट्टा बांधायला शिकवला कोणी?"

साईने तरीही उलथनं टेकवलं. तसे काका बॉनेटवर चढले आणि दोन्ही हात पसरून आपल्या अर्ध्या बर्फावर पालथे पडले. छाती, पोट, गाल, सगळं काचेला चिकटवलं. साईने पाय धरून ओढलं. हातात नुसती चप्पल आली.

"व्हॉट इज ही डुइंग?" मोबाइलमधून आवाज आला.

साकिबने याचं भाषांतर केलं नाही.

"काका, उतरा," साई म्हणाला. आता त्याचा आवाज रडवेला झाला होता. "काका, गारठून मराल."

काका हलले नाहीत. डोळे गच्च मिटलेले. थोड्या वेळाने त्यांच्या गालाखालून पाण्याचा एक ओघळ निघाला, काचेवरून खाली घसरला आणि वाटेतच गोठला.