मागे फोन

"अमेरिकेतले स्पॅनिश बोलणारे लोक 'परत फोन करते' म्हणायचं सोडून इंग्रजीच्या वळणावर 'मागे फोन करते' म्हणतात. ही चूक नव्हे, भाषा जिवंत असल्याची खूण आहे!" जर्मनीत कोलोनच्या विद्यापीठात आपल्या प्रबंधाच्या परीक्षकांना असं ठणकावून शुभदा तणतणतच घरी आली. आठ वर्षांची ईप्सिता साताऱ्याच्या आजीशी फोनवर बोलत होती.

"आई आली. मी तुला मागे फोन करते हं, आजी."

शुभदाने रिसीव्हर हिसकावला. "मागे काय, मागे? जर्मनमधून उचलून काहीही ठोकून देतेस! धड मराठी येत नसेल तर तोंडच उघडू नकोस!"

आता आजीचा फोन आला की ईप्सिता रिसीव्हर कानाला लावून बसते. आजी विचारत राहते, ती ऐकत राहते.

मराठीत आता ईप्सिताची एकही चूक होत नाही.