तारण

पेणच्या गणपती कारखान्यात मी शिकाऊ कारागीर. शेठने तीन महिने पगार दिला नव्हता. धाटावच्या कंपनीत अप्रेंटिस असलेला माझा मित्र श्रेयस म्हणाला, "कामगार ऑफिसात अर्ज दे." पण मला अर्ज लिहायचा कंटाळा आणि डोकं जरा जास्तच. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी शेठच्या डोळ्यांदेखत एक मूर्ती उचलली आणि ठणकावलं, "पगार द्या, मूर्ती परत न्या!" शेठ नुसता हसला. मला वाटलं, टरकला.

मूर्ती घेऊन गावात शिरलो तशी पोरांनी 'मोरया'ची आरोळी ठोकली. ती ऐकून आई भाकरतुकडा घेऊन दारात हजर. आमचा गणपती आजवर थोरल्या काकांकडेच बसायचा. तिला वाटलं, पोराने आपल्या घरी वेगळा आणला. मी म्हटलं, "आई, हा बसवायचा नाय, तारण हाय." तर माझ्यावरच डाफरली, "गप रं! दारात आलेला देव कोण परत धाडतं काय?"

मग काय, मखर आलं, भजनी मंडळ आलं, अख्खी आळी मोदक खाऊन गेली. सगळी उधारी माझ्या नावावर. दीड दिवसाच्या विसर्जनाआधी शेठही दर्शनाला आला. पोटभर जेवला आणि हात धुता धुता आईला म्हणाला,

 

"वहिनी, गणपती एकदा घरी आणला की दरवर्षी आणावा लागतो हां. मूर्तीच्या पैशांची काळजी करू नका, तुमच्या निकेशचा पगार आहेच माझ्याकडे."